पुनवेपर्यंतचं खारं पाणी

कुमुद टीचर हे नाव आधी लिहून टाकतो, कारण पुढं जे लिहीन ते त्यांच्या घरातलं आहे. आमच्या कुटुंबात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील सावंतवाडीकडून डिचोलीच्या खाणींवर आले. आधी ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर. आई लोकांच्या शेतात लावणीला जायची. अकरावीत रसायनशास्त्रात मी बुडत होतो, तेव्हा टीचरांनी वर्ग सुटल्यावर मला थांबवलं. म्हणाल्या, "तुला येत नाही असं नाही, सुरेश. तुला विचारायची लाज वाटते. उद्यापासून घरी ये." मी नार्व्याला त्यांच्या घरी जाऊ लागलो आणि बी. एस्सी. होईपर्यंत जातच राहिलो.

आज मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. आषाढ लागला की गावागावांतून विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या येतात. कुणी शीतपेयाच्या बाटलीत आणतो, कुणी काजूफेणीच्या. बाटली टेबलावर ठेवून माणूस विचारतो, "पाणी बरें आसा मरे?" त्याला हो ऐकायचं असतं. आपल्या विहिरीबद्दल वाईट ऐकायला कुणी बस पकडून येत नाही. बाहेर पावसाची झड लागलेली असते, खिडकीच्या काचेवर पाणी ओघळत असतं, आणि मला नार्व्याच्या त्या हॉलमधला वास येतो. ओल्या भिंतींचा, औषधी तेलाचा, आणि त्या दोन्हींखाली दबलेला समुद्राचा.

समुद्राचा, कारण त्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक होता. टीचरांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे भाई म्हणत असू, खनिज वाहणाऱ्या बार्जींवर इंजीनचं काम करायचे. सगळा जन्म मांडवीच्या पाण्यावर गेला, पण हौस समुद्राची. काच स्वतः कापून, स्वतः चिकटवून त्यांनी तो टँक बांधला होता. आत वाळू, केरीच्या किनाऱ्यावरचे दगड, एक समुद्रफूल, आणि त्या फुलाच्या बोटांत राहणारे दोन मासे. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. त्या जातीत मादी मोठी आणि नर लहान. भाई पाहुण्यांना दाखवून म्हणायचे, "आमच्या घरासारखंच. हांगाय बायलच मुकादम." टीचर आतून म्हणायच्या, "मुकादम नसती तर बार्ज कधीच बुडाली असती."

ज्या पावसाळ्याबद्दल लिहितो आहे, त्याच्या थोडं आधी वैशाखात भाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळातून घरी आणल्यावर टीचरांनी त्यांची खाट हॉलमध्ये टँकसमोर लावून घेतली. भाई भिंतीकडे बघत नव्हते, टीव्हीकडे बघत नव्हते, भेटायला आलेल्यांकडेही बघत नव्हते. मासे फुलातून बाहेर आले की मात्र त्यांचे डोळे त्यांच्या मागोमाग फिरायचे. टीचर त्यांना जेवण भरवायच्या तेव्हा माशांचं खाणंही त्याच वेळी टाकायच्या. मोठी मादी वर आली की भाई तोंड उघडायचे. ती आली नाही, तर घास ओठांवरच राहायचा.

"तू आता मोकळा आहेस," टीचर मला म्हणाल्या. मी नुकताच पदवीधर झालो होतो आणि काम नव्हतं. "मला शाळा आहे, यांचं सगळं आहे. टँक तू बघ. मासे पुनवेपर्यंत जगायला हवेत. पुढचं पुढं."

पुनव म्हणजे नारळी पुनव. पावसाळ्यात आमच्याकडचा समुद्र समुद्र राहत नाही. नद्या माती घेऊन उतरतात, किनाऱ्याचं पाणी तांबडं आणि गोडसर होतं. म्हणून भाई दर वर्षी पाऊस लागायच्या आधी, भरती पुरती भरल्यावर, तेरेखोलच्या समोर केरीला जाऊन निवळ पाण्याचे कॅन भरून आणत आणि जिन्याखालच्या काळोखात पुरवून पुरवून वापरत. पुनवेला कोळी दर्याला नारळ देतात, त्यानंतर पाणी हळूहळू पुन्हा खारं होऊ लागतं. त्या वर्षी ती फेरी झालीच नव्हती. केरीला जायच्या ऐवजी भाई इस्पितळात होते. जिन्याखाली मागचे उरलेले थोडेच कॅन होते.

खाऱ्या पाण्याच्या टँकचं दुखणं दिसत नाही. मासा खातो, विष्ठा टाकतो, उरलेलं कुजतं, त्याचा अमोनिया होतो. वाळूतले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं झटपट मारतात. नायट्रेट तसं मारत नाही. ते फक्त साठत जातं. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं आणि मासा आत थकत असतो. समुद्रात ते पसरून जातं, शेवाळ खाऊन टाकतं. चार काचांच्या आत ते कुठं जाणार? खात्रीचा एकच उपाय, थोडं जुनं पाणी काढून तेवढंच नवं खारं पाणी घालणं. आणि तेच आमच्याकडं नव्हतं.

मग मी बाकीचे उपाय करू लागलो. खाणं कमी केलं. गाळणीतला स्पंज दररोज धुऊ लागलो, नळीनं वाळूतली घाण ओढून काढू लागलो, खडकावरचं हिरवं शेवाळ वाढावं म्हणून वर दिवा टांगला. काचेच्या नळीत टँकचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं, थांबायचं आणि रंगपट्टीशी ताडून बघायचं. पिवळा आला तर बरं, नारिंगी आला तर सावध, लाल आला तर वाईट. आषाढ सरताना आमचा रंग नारिंगीच्या पुढं सरकला होता.

त्या वर्षी खाणीही बंद होत्या. वडिलांचा टिपर ताडपत्री घालून उभा होता, चाकांत गवत आलं होतं. ते ओसरीवर बसून पाऊस बघत. मी हातपाय धुऊन जेवायला बसलो की सुरू व्हायचे, "सुऱ्या, शिकलंस कित्याक? माशांची मोरी धुवूक?"

आई चुलीकडून म्हणायची, "गप ऱ्हवा. टीचर नसती तर ह्यो तुमच्यासारखो टिपरार बसलो असतो."

"बसलो असतो तर काय? टिपर तरी खय चलताहा?"

मग कुणीच हसायचं नाही. तेव्हा मला वडिलांचा राग यायचा. आता वाटतं, ज्याचं काम एका दिवसात थांबलं आहे त्याच्यासमोर बसून मी रोज काचेतल्या दोन माशांची काळजी सांगत होतो.

शेवटचा कॅन संपला त्या आठवड्यात पावसानं उघडीप दिली. शेजाऱ्याचा पिकअप मागून आणून वडीलच म्हणाले, "चल, जावन येवया." धुतलेले रिकामे कॅन मागं दणदण आपटत होते. डिचोलीतून पेडणे, मग हरमलवरून केरी. पलीकडच्या काठावर तेरेखोलचा किल्ला पावसानं काळा पडला होता. मी सुरूच्या झाडांखालून पाण्याकडं गेलो आणि थांबलो. लाटा होत्या, फेस होता, आवाजही समुद्राचाच, पण रंग आमच्या खाणीच्या रस्त्यावरच्या डबक्यांचा. खारटपणा मोजायची काचेची नळी मी बादलीत सोडली. चांगल्या पाण्यात ती मान वर काढून तरंगते. इथं ती गळ्यापर्यंत बुडाली.

होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. तिथं जाळं शिवत बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पाणी कित्याक रे?"

"माशांक," वडील म्हणाले.

"माशांक पाणी? मासे आमी दर्यातसून काडतो, तुमी दर्या काडून माशांक नेतास?" तो पोट धरून हसला. मग उठून आला, बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. "ह्येच्यात मीठ खय हा? आमटी केलंस तर वयल्यान घालूचा पडात. पुनवेक नारळ पडांदे, मगे ये."

परतताना पेडण्याच्या चढावर पुन्हा पावसानं गाठलं. वायपर एकच चालत होता. वडील हातानं काच पुसत राहिले. मग म्हणाले, "दर्याकडसून रिकामी कॅनां घेवन कोण येता रे?" ते मला टोचत नव्हते. स्वतःशीच बोलत होते.

टीचरांना सांगितलं तेव्हा त्यांचे धाकटे दीर, बाबलीकाका, बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, चहा पीत होते. दोन्ही भावांची घरं एकाच आवारात, विहीर सामायिक, आणि मागच्या उतारावर काकांचं सुपारीचं कुळागर. काका म्हणाले, "एवढा घोर कसला? आगरवाड्याचं मीठ आहे घरात. समुद्राचंच ना ते? विहिरीच्या पाण्यात विरघळवा, झाला समुद्र."

आगरवाड्याचं मीठ आमच्या भागात सगळ्यांच्या घरात असतं. राखाडी, जाड, पेजेला आणि लोणच्याला तेच लागतं. ते समुद्रातून आलेलं, मग पाण्यात घातलं की पुन्हा समुद्र व्हावा, हे ऐकायला किती बरोबर वाटतं! टीचरांना ठाऊक होतं की मिठागरात मीठ धरताना समुद्रातलं बाकीचं बरंच काही पाण्याबरोबर निघून जातं. पण म्हापशाच्या दुकानदारानं टँकचं खास मीठ चतुर्थीनंतरच येईल म्हणून सांगितलं होतं. त्या भाईंच्या खाटेकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काहीच न घालण्यापेक्षा बरं." विहिरीतून पाणी मी शेंदलं. मीठ त्यांनी घातलं. नळी तरंगली, मान वर काढून. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी चाचणी केली. नवं पाणी घातल्यावर नायट्रेट उतरायला हवं. ते चढलं होतं. लाल.

मी पुन्हा केली. पुन्हा लाल. समुद्रफुलाची बोटं आखडून मधाच्या थेंबासारखी झाली होती, आणि मोठी मादी खडकाला टेकून भराभर कल्ले हलवत होती. त्या दिवशी भाईंनी दोन घासच घेतले.

अकरावीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला टीचर एक गोष्ट फळ्यावर लिहून द्यायच्या: आधी कोरी चाचणी. म्हणजे ज्याची शंका आहे ते तपासण्याआधी, ज्यात ते विरघळवलं ते नुसतं पाणी तपासा. आम्हा मुलांना त्याचा कंटाळा यायचा. नुसत्या पाण्यात काय असणार? मी विहिरीवर गेलो, कळशी सोडली, दुसरी नळी घेतली आणि त्यात नुसतं विहिरीचं पाणी घातलं. थेंब टाकले. शाळेतून टीचर आल्या तेव्हा त्यांची छत्री अजून गळत होती आणि मी दोन्ही नळ्या हातात धरून उभा होतो. विहिरीची नळी टँकच्या नळीइतकीच लाल होती.

त्यांनी दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून बघितल्या. खिडकीशी गेल्या. खिडकीतून विहीर दिसत होती, तिच्या वरच्या अंगाला गोठा, त्याच्या वर कुळागर. प्रत्येक माडाच्या, प्रत्येक पोफळीच्या बुंध्याशी काकांनी आषाढाच्या तोंडावर टाकलेलं पांढरं खत, आणि त्यावरून वाहत येणारं पाणी. वर्षभर टँकमधलं पाणी आटलं की आम्ही सगळे त्याच विहिरीचं पाणी ओतून पातळी राखत होतो. आटतं ते नुसतं पाणी. आत येतं ते मागं राहतं.

"बाबलीच्या सुनेचं बाळ वरचं दूध पितं," टीचर म्हणाल्या, आणि ओली छत्री तशीच उघडून निघाल्या. मी मागोमाग गेलो.

काका दारातच होते. टीचरांनी नळी पुढं केली. "बाळाचं दूध विहिरीच्या पाण्यात कालवू नका. आजपासून नळाचं घ्या."

"विहिरीला काय झालं?"

"खत उतरलंय. त्यातलं नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्ताला बाधतं."

"आम्ही सगळे हेच पाणी पिऊन वाढलो," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "आणि बाळाला आम्ही उकळून देतो."

"उकळून नायट्रेट जात नाही, भावजी. पाणी आटतं, ते तसंच राहतं. उलट दाट होतं."

"पिढ्यान् पिढ्यांची विहीर. तुमच्या माशांच्या चार थेंबांनी वाईट झाली?"

"वाईट झाली नाही," टीचर म्हणाल्या. "आपण केली."

काकांनी दार लावून घेतलं. पण संध्याकाळी त्यांची सून नळावर कळशी घेऊन उभी होती. तिनं टीचरांकडे बघितलं आणि मान खाली घातली. बाळाला काही झालं नाही. काका मात्र तो पावसाळाभर त्या बाल्कांवात चहाला आले नाहीत, आणि भाऊ आत खाटेवर असताना न येणं काय असतं ते टीचरांनी सोसलं.

विहिरीच्या पाण्यावर चुलीचं, पूजेचं, न्हाण्याचं सगळं चालायचं. टीचर लग्न करून आल्या तेव्हा पहिली कळशी त्यांनी त्या विहिरीतूनच भरली होती. माझ्या टेबलावर बाटली ठेवून जो माणूस आता उभा राहतो, त्याच्या बाटलीचा रंग बघण्याआधी मी त्याच्याकडे बघतो. त्याला सांगायचं काय, यापेक्षा कसं सांगायचं हे मला अजून नीट जमत नाही. टीचरांसारखं दोन वाक्यांत सांगता यायला हवं.

मग आम्ही अंगणात उघड्यावर पातेली मांडून पावसाचं पाणी धरलं आणि मीठ त्यात विरघळवलं. रंग लालवरून थोडा मागं आला. पण समुद्रफूल तोवर विरघळायला लागलं होतं. एका सकाळी ते दगडावरून सुटून वाळूत पडलं, चिकट, पांढरट, आणि मी ते दोन्ही हातांनी बाहेर काढलं. त्याचा वास हातांना लागला तो जाईना. पुनव दोन दिवसांवर असताना मोठी मादी मेली. मी आलो तेव्हा ती तळाशी होती, आणि छोटा नर तिच्यावर घिरट्या घालत होता.

भाई अजून उठले नव्हते. मी हळूच म्हटलं, "टीचर, म्हापशाहून तशीच दुसरी आणतो. त्यांना कळायचं नाही."

टीचरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मान खाली घातली. "ते बोलत नाहीत, सुरेश. कळत नाही असं कोण म्हणालं?"

त्यांनी मासा बशीत घेतला. भाई जागे झाल्यावर त्यांच्या शेजारी बसून बशी दाखवली. "गेली," त्या म्हणाल्या. "आम्ही वाचवायला बघितलं. पाणीच चुकलं." भाईंनी बराच वेळ बशीकडे बघितलं. मग डावा हात उचलून टीचरांच्या मनगटावर ठेवला आणि डोळे मिटले. बाहेर रस्त्यावरून पाववाला पोदेर पोंगा वाजवत गेला. टीचर पाव घ्यायला उठल्या नाहीत.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी वडील स्वतःच पिकअप घेऊन दारात उभे राहिले. केरीच्या वाळूवर ओल्या शेंड्यांचे नारळ परत येऊन पडले होते. आम्ही नदीच्या मुखापासून लांब, खडकांच्या पलीकडं, भरती पूर्ण भरल्यावर पाणी घेतलं. निवळ नव्हतं, पण खारं होतं. त्या पाण्यानं छोटा मासा तगला. भाई तगले नाहीत. चतुर्थीच्या गणपतीचं विसर्जन झाल्यावर चार दिवसांनी ते गेले. त्या दिवशी बाबलीकाका आले आणि बाल्कांवाच्या पायरीवर पावसात भिजत बसून राहिले.

त्या जातीत मादी गेली की मागं राहिलेला नर हळूहळू मोठा होतो आणि तिची जागा घेतो. टीचरांनीही भाईंचं काम उचललं. त्या दर वर्षी वैशाखात रिक्षा ठरवून एकट्या केरीला जात. मला नोकरी लागली, मी दूर आलो. चतुर्थीला जातो तेव्हा पाया पडून आधी टँकपाशी उभा राहतो. काकांनी वरच्या अंगाचं खत बंद केलं आहे. पण विहिरीवर तेव्हा घातलेलं झाकण अजून आहे, प्यायला ते पाणी कुणी घेत नाही.

या आठवड्यात टीचरांचा फोन आला. गुडघ्यांमुळे या वर्षी केरीला जाता आलं नाही, जिन्याखालचे कॅन संपत आले, नळी लाल दाखवते, मासा म्हातारा झाला, तेव्हा नेऊन दर्यात सोडावा असं म्हणत होत्या. मी जे बोललो त्यातलं त्यांना किती ऐकू आलं कोण जाणे. म्हणून फोन ठेवल्यावर हे लिहिलं आणि सकाळी टपालात टाकलं:

आदरणीय टीचर,

सादर नमस्कार. फोनवर तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं, आणि न ऐकू आलेल्यालाही तुम्ही बरं बरं म्हणता, म्हणून पत्र लिहितो.

मासा दर्यात सोडू नका. आता केरीचं पाणी गोड आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. मी येईपर्यंत खाणं एक दिवसाआड द्या. आटलेलं पाणी भरायचं तर पातेलं उघड्यावर ठेवून पावसाचं धरा, कौलांवरून गळणारं घेऊ नका. स्पंज तुम्ही धुऊ नका, वाकावं लागतं. बाबलीकाकांच्या सुनेला सांगा.

माझ्या खोलीत पलंगाखाली समुद्राचं पाणी आहे. भाईंच्या त्या वर्षापासून दर वैशाखात मी बाबांना घेऊन केरीला जातो आणि भरती भरल्यावर कॅन भरून आणतो. तुमच्या जिन्याखाली तुमचे असायचे, म्हणून कधी बोललो नाही. पुढच्या वर्षी जुनं ओतून नवं भरतो. सुरुवातीला बाबा विचारायचे, "घरात मासो नाय, मगे ह्यां कोणासाठी?" आता विचारत नाहीत. कॅन तेच धुतात.

रविवारी आम्ही दोघं येतो. मासा वाचेलच असं मी लिहीत नाही. तो थकलेला आहे आणि नळी मी स्वतः पाहिलेली नाही. आल्यावर आधी कोरी चाचणी करीन, मगच पाणी घालीन.

पण टीचर, या वेळी कॅन भरलेले आहेत.

तुमचा विद्यार्थी,
सुरेश